जाळता का? हो / नाही

१९ नोव्हेंबर २०२३
खोली मिळाली एकदाची. वरवट बकालला, उत्तमरावांच्या घराच्या मागच्या अंगाला. पंखा चालतो, एक दिवसाआड पाणी येतं, खिडकीतून सातपुडा दिसतो. आणखी काय पाहिजे! बाबा बुलढाण्याहून सोडायला आले होते, त्यांचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. एम.एस्सी. झालेली पोरगी खेड्यात येऊन काडीकचरा गोळा करणार, हे काही त्यांच्या पचनी पडत नाही. मी म्हटलं, "तुम्ही जन्मभर कारकुनी केलीत, मी निदान जगाचा धूर तरी कमी करीन." उद्धटच बोलले. ते एसटीत बसले.

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे कंटाळा येईल तेव्हा वाचता येईल. जुनेदभाईंच्या तेलगिरणीचा बॉयलर रोज सहा टन दगडी कोळसा खातो. त्याऐवजी पऱ्हाटी घालायची, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर वावरात उभी राहतात ती वाळकी झाडं. ती मशीनमध्ये बारीक करून, दाबून, त्याच्या कांड्या पाडायच्या. धंद्यात या कांड्यांना 'पांढरा कोळसा' म्हणतात. रंग तपकिरी असतो, पण असो. कोळसा वाचला ही एक बचत. शेतकरी पऱ्हाटी वावरातच पेटवून देतात, ते थांबलं ही दुसरी. जेवढा कार्बन वाचेल तेवढी प्रमाणपत्रं मिळणार, ती मोठमोठ्या कंपन्या विकत घेणार आणि त्यावर हा कांडी कारखाना तगणार. माझं पहिलं काम म्हणजे घरोघर जाऊन विचारायचं, की पऱ्हाटीचं आज तुम्ही काय करता.

२३ नोव्हेंबर
आमच्या संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसातून फॉर्म आला. कप्पाळ माझं! 'कापूस पीक-अवशेषांच्या व्यवस्थापनाची प्रचलित पद्धत नमूद करावी.' उत्तमरावांना वाचून दाखवलं, तर म्हणे, "बाई, हे लग्नातलं मंगलाष्टक हाये का?" मग मीच बसले आणि दहा मिनिटांत सोपा फॉर्म केला. नाव, एकर, गॅस जोडणी आहे का, आणि खाली ठळक अक्षरात: पऱ्हाटी जाळता का? हो / नाही. पुण्याला पाठवला. संध्याकाळी उत्तर आलं, 'उत्कृष्ट. हाच वापरा.' आज मी स्वतःवर जाम खूश आहे.

२ डिसेंबर
चौसष्ट घरं झाली. पाय म्हणजे लाकडं झालीत नुसती. पण उत्तर इतकं एकजात मिळतंय, की मजा वाटते. विचारलं रे विचारलं, की "हाव, जायतो ना!" इकडे ळ चा य होतो, त्यामुळे पहिल्या दिवशी मला वाटलं हे कुठे जायचं म्हणतायत. एक म्हातारेबुवा तर हसायलाच लागले. "जायनार नाई तं काय लोनचं घालू तिचं?" म्हणाले. मी 'हो'वर खूण केली.

डब्याचीही सोय झाली. आमच्याच गल्लीत टोकाला तानुबाई राहतात. साठीच्या असतील, एकट्याच. वावर नाही, मजुरी करतात. सकाळ-संध्याकाळ दोन भाकरी, एक भाजी, दुपारी चार वाजता त्यांच्या ओट्यावर चहा. हात असा आहे बाईंचा, की नुसत्या अंबाडीच्या भाजीवर मी तीन भाकरी खाल्ल्या. त्यांना 'मधुवंती' म्हणता येत नाही, म्हणून मला 'मधू' म्हणतात, आणि दुसऱ्याच दिवसापासून 'तू'. आई गेल्यापासून मला कोणी जेवताना 'आनखी घे वं' असं दरडावलेलं नाही.

९ डिसेंबर
तानुबाई आज उत्तमरावांच्या वावरात पऱ्हाटी उपटायला गेल्या होत्या. उत्तमरावांची कपाशी दरवर्षी सगळ्यांच्या आधी मोडतात म्हणे. हाताला फोड आले होते, चिंध्या बांधल्या होत्या. मजुरी किती मिळते विचारलं, तर म्हणाल्या, "याची मजुरी नसते बाई. वावर साफ करून द्याचं, पऱ्हाटी आपली." म्हणजे फुकट राबवतात! मला इतका संताप आला. दिवसभर राबायचं आणि बदल्यात काट्याकुट्यांचा भारा! तो भारा त्यांनी घराच्या भिंतीला लावून ठेवला आहे, पार वळचणीला टेकलाय. विंचू-काट्याचं घर नुसतं. प्रत्येक घराला अशीच ती अडगळ. कारखाना सुरू झाला की हे सगळं थांबेल. तानुबाईंचा फॉर्म भरलेला नाही, कारण सात-बारा ज्याच्या नावावर त्यालाच विचारायचं आहे.

१८ डिसेंबर
संपलं! २११ घरं. त्यात 'हो' २०७. चौघं 'नाही' म्हणाले, ते फक्त सोयाबीन घेतात. प्रत्येक कागदावर खाली माझी सही. बोटं दुखतायत, पण काय झोकात दिसतो तो गठ्ठा.

२६ जानेवारी २०२४
झेंडावंदन झालं आणि लगोलग कारखान्याचं उद्घाटन. जुनेदभाई चांगले बोलले, लांबड न लावता. त्यांचे वडील इमारती लाकडाचे व्यापारी होते. "अब्बांनी लय झाडं तोडली, ते फेडाचं हाये मले," असं ते भर सभेत म्हणाले. लोक हसले, पण ते हसत नव्हते. बावीस माणसांना काम लागलं. ट्रॅक्टरला जोडलेलं उपटायचं यंत्र आलं आहे, एकरभर पऱ्हाटी तासाभरात मुळासकट बाहेर. शेतकऱ्याला भाव, वर वावर साफ. सगळे तोंड भरून बोलतायत.

तानुबाई बांधावर उभ्या राहून यंत्राकडे बघत होत्या. मी जवळ जाऊन म्हटलं, "आता तुमच्या हाताला फोड येणार नाहीत, बघा." त्या म्हणाल्या, "हाव बाई, आता काईच येनार नाई." मला हसू आलं. फोडांचं बोलत असतील.

१४ मार्च
गाव ओळखू येत नाही. भिंतींना लागून असलेले ढीग गेले किंवा निम्म्यावर आले. पुण्याला 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो पाठवले. त्यांनी ते अहवालाच्या मुखपृष्ठावर घेतलेत.

३ एप्रिल
जिल्ह्याच्या बैठकीला जुनेदभाईंबरोबर गेले. प्रत्येक खात्याने धूर किती कमी केला ते सांगायचं होतं. एका खात्याने झाडं लावल्याचं सांगितलं, एकाने दिवे बदलल्याचं. आमचा आकडा आला तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या. कलेक्टरसाहेबांनी तो दोनदा विचारून लिहून घेतला. परत येताना मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आकडा कशावरून काढला?" मी म्हटलं, सर्व्हेवरून. "प्रश्न काय विचारला होता?" म्हटलं, पऱ्हाटी जाळता का. ते म्हणाले, "कुठे जाळता, असा रकाना नव्हता का?" कारकून तो कारकूनच! त्यांना सगळीकडे रकाने दिसतात. मी विषय बदलला.

२० मे
तानुबाईंनी डबा बंद केला. "आता नाई जमत बाई," एवढंच. मी विचारलं, माझं काही चुकलं का? 'नाही' म्हणून मान हलवली. मी म्हटलं, पैसे वाढवून देते. त्यावर असं काही बघितलं माझ्याकडे, की मी जीभ चावली. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू. या गावात एकच माणूस माझं होतं.

११ जून
पाऊस लागला. संध्याकाळी गल्लीत इतका घाण वास येतो, की डोकं दुखतं. कोणीतरी प्लास्टिक जाळतं, रबर जाळतं. आम्ही इकडे हवा साफ करायला मर मर मरायचं आणि ही मंडळी कचरा पेटवणार! ग्रामपंचायतीत जाऊन लेखी तक्रार दिली. त्यांनी लगेच भोंग्यावरून सांगितलं, की प्लास्टिक जाळताना कोणी सापडलं तर दंड होईल. दोन दिवसांत वास कमी झाला. करून घेतलं की काम होतं.

८ जुलै
चार वाजता मुद्दाम तानुबाईंकडे गेले. अबोला कुणी धरायचा, मीच पुढे व्हावं म्हटलं. ओट्यावर बसवलं, बोलल्या, पण चहाचं विचारलं नाही. आत चूल थंड दिसत होती. सकाळची भाकर दुरडीत होती, ती पाण्यात भिजवून खात होत्या. राग अजून गेलेला नाही तर.

१९ जुलै
आज जे कळलं ते लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते.

सकाळी कारखान्यात गेले तर तिथल्या बाया कुजबुजत होत्या. तानुबाईंना काल डोंगराच्या पायथ्याशी वनरक्षकाने लाकडाच्या मोळीसकट धरलं. ओली लाकडं, नुकती तोडलेली. मोळी ठेवून घेतली, कुऱ्हाड ठेवून घेतली, त्यांना दोन तास बसवून ठेवलं आणि मग सोडलं. मी तणतणत त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "या वयात हे काय? जंगल तोडता? घरात गॅस असताना?"

त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. कोपऱ्यात सिलिंडर होता, त्याच्यावर पिठाचा डबा ठेवलेला. "दिवायीपासून रिकामा हाये," म्हणाल्या. "भरून आनाले पैसे नाई."

"मग इतके दिवस सैपाक कशावर करत होतात?"

"पऱ्हाटीवर."

"पऱ्हाटी तर वावरात जाळतात ना?"

तानुबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "वावरात? वावरात कोन जायते वं? येडी झाली का? चुलीत जायतो आमी. वरीसभर पुरते. तुले दोन टाइम भाकर कशावर घालत होती मी?"

मी विचारलं, सगळेच? "सगळेच. ज्याच्या घरी गॅस हाये तोई. उत्तमरावच्या बंबात काय जयते, कधी पायलं नाई तू?"

पाहिलं होतं. रोज त्याच बंबाच्या पाण्याने अंघोळ करते मी.

"मग मले सांगितलं काऊन नाही?" माझ्याही तोंडून त्यांचीच बोली आली.

"तू इचारलं कधी? आन मले वाटलं, तुले ठाऊक हाये. तू तं शिकेल-सवरेल."

पावसात काय जाळलं तेही त्यांनी सांगितलं. खाटेच्या पाट्या. कुंपणाच्या काट्या. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या डब्या, फाटक्या चपला. मग भोंग्यावर दंडाचं आलं म्हणून ते सोडलं आणि डोंगराकडे जायला लागल्या. एकट्या नाहीत. गल्लीतल्या अकरा बाया जातात. ती तक्रार मी केली होती, हे त्यांना माहीत आहे की नाही, मला विचारवलं नाही.

२० जुलै
तीस घरांत पुन्हा गेले. या वेळी घरधन्याला नाही, चुलीजवळच्या बाईला विचारलं. तीसच्या तीस घरी चुलीत किंवा बंबात. वावरात पेटवत होतं असं एकही घर नाही, फार तर धसकटं. म्हणजे आम्ही वाया जाणारं काही वाचवलं नाही. यांच्या चुलीतलं काढून बॉयलरला घातलं आणि यांनी चुलीला सातपुडा घातला. कोळसा वाचला खरा, पण त्या जागी ओलं लाकूड आणि प्लास्टिक जळलं. हिशेब मांडायला गेले आणि वही मिटली.

'जाळता का?' हे मी लिहिलं. पुण्याच्या त्या बोजड वाक्यात निदान लोक विचारात तरी पडले असते. सोपं करायला गेले मी, मोठी शहाणी.

२४ जुलै
जुनेदभाईंना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. बराच वेळ टेबलावरची कांडी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "मधुवंती, प्रमाणपत्रं गेली तं हा कारखाना दोन महिने नाई चालत. बावीस लोक घरी जातीन. आन बॉयलर परत कोयशावर."

म्हटलं, "आणि पऱ्हाटी परत चुलीत."

"हाव." कांडी खाली ठेवून म्हणाले, "मी खोटं बोल म्हननार नाई. पुढच्या महिन्यात तपासनीस येऊन राह्यले. त्यायले सांग. मी मधात पडनार नाई."

मी विचारलं, गावाला थोडी पऱ्हाटी सोडता येणार नाही का? त्यांनी कागद काढून दाखवला. गावाच्या चुलींना लागते तितकी सोडली तर मशीन अर्ध्या दिवसावर येतं, आणि अर्ध्या दिवसावर ते चालूच शकत नाही. हिशेब खरा होता. तो खरा होता याचाच राग आला.

पुण्याला फोन केला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, २०७ फॉर्मवर तुमची सही आहे. माहिती खोटी निघाली तर पहिली कारवाई तुमच्यावर होईल. पुन्हा कुठलीही संस्था घेणार नाही तुम्हाला. फेरसर्व्हे करा आणि लेखी कळवा."

२ ऑगस्ट
फेरसर्व्हे. या वेळी नीट विचारलं, चुलीत की वावरात? नियमाप्रमाणे सात-बारावाल्यांनाच विचारायचं. सगळे म्हणतात, वावरात! गावात बातमी फुटली आहे, की चुलीत म्हटलं तर पऱ्हाटीचा भाव बंद होणार. उत्तमराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "वावरातच जायत होतो. लिहा."

"आणि तुमचा बंब?"

"बंबात लाकडं असतात."

ते बोलत होते तेव्हा मागे तोच बंब होता. मी लिहून घेतलं. सही घेतली. बाया दारामागून ऐकत होत्या, पण त्यांच्या सहीचा रकाना नाही. बाबांना फोन करून सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, बघ, मी विचारलं होतं. ते म्हणाले, "जेवलीस का?" मला रडूच आलं.

१२ ऑगस्ट
आता माझ्या शब्दाला काही किंमत नाही, माझ्याच सह्या माझ्याविरुद्ध आहेत. साक्षीदार पाहिजे. तपासनिसांना नियमाने एका भूमिहीन घराशीही बोलायचं असतं. कोणतं घर ते मी सुचवू शकते. मी तानुबाईंकडे गेले.

काहीही न लपवता सांगितलं. म्हटलं, खरं सांगितलंत तर कारखाना बहुतेक बंद होईल आणि या थंडीत पऱ्हाटी परत तुम्हाला मिळेल. नाही सांगितलं तर पुढची दहा वर्षं मिळणार नाही, शेतकऱ्यांशी तसा करार आहे. त्या ऐकत होत्या. मग विचारलं, "आन तुयं काय?"

मी म्हटलं, "माझं काय, नोकरी जाईल."

"दुसरी भेटन?"

"या कामात नाही. सही माझी आहे ना."

"बाप काय म्हनन?"

"बाबांचं सोडा हो. तुम्ही खरं तेच सांगा. मला चालेल."

"बरं," म्हणाल्या. उठून आत गेल्या आणि कुठून कुणास ठाऊक चार काड्या पेटवून मला अर्धा कप चहा दिला. मी प्यायले. पिऊ नये असं वाटत होतं, पण प्यायले.

२७ ऑगस्ट
तपासनीस येऊन गेले. श्रेयस नावाचे, पुण्याचे, तिशीतले, पायात चांगले बूट. माणूस वाईट नाही. चिखलात न कुरकुरता फिरला. फॉर्म बघून म्हणाला, "किती सुटसुटीत केलाय तुम्ही हा. डोणगाव आणि अमडापूरच्या नव्या कारखान्यांसाठीही हाच वापरायचं ठरलंय." मी म्हटलं, आधी एका घरी चला.

तानुबाईंनी ओटा सारवला होता, ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. त्यांनी सरांना पाणी दिलं. सरांनी रेकॉर्डर सुरू करून हळू, मोठ्या आवाजात विचारलं, "आजी, कारखाना यायच्या आधी पऱ्हाटी कुठे जाळायचे लोक? शेतात, की घरी चुलीत?"

तानुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता सगळं बाहेर येणार, मला वाटलं, आणि येऊ दे.

"वावरात," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"हाव. वावरातच पेटवत होते समदे. लय धूर व्हाचा. डोये चुरचुरायचे. ही पोरगी आली आन बंद झालं."

"आणि तुम्ही स्वयंपाक कशावर करता?"

"ग्यासवर. आत हाये न, पाहा." दारातून कोपऱ्यातला सिलिंडर दिसत होता. त्याच्यावरचा पिठाचा डबा आज काढून ठेवलेला होता.

सर खूश झाले. मला म्हणाले, "काय गोड बोलतात हो या." वहीत लिहिलं, उघड्यावर जाळणं पूर्वी ९८ टक्के, आता शून्य.

मी तिथेच उभी होते. आत जाऊन त्या सिलिंडरवर नुसतं बोट वाजवलं असतं तरी तो रिकामा वाजला असता आणि सरांना कळलं असतं. मी नाही वाजवलं. खरं काय ते इथे तरी लिहिते. 'वावरात' हा शब्द ऐकला तेव्हा आधी मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर वाटली, गाडी गेल्यावर.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी तानुबाई ओट्याच्या कडेला बसल्या. पावसाची एक बारीक सर येत होती. मला म्हणाल्या, "तुयी नोकरी राह्यली ना वं?"

मी मान डोलावली.

"मी बरोबर बोलली ना?"

मी म्हटलं, हो.